विश्लेषण : जुने घर सुटले, नवे मिळाले नाही, मधल्या दिवसांत सामान ठेवायचे कुठे?

एप्रिल-मे आला की यवतमाळच्या रस्त्यांवर सामानाने भरलेले छोटा हत्ती दिसू लागतात. वर उलटी बांधलेली खाट, मागे दोरीने आवळलेला लोखंडी कूलर आणि उरलेल्या फटीत बादल्या. कुणाची आर्णीहून वणीला बदली झालेली असते, कुणाचे पुण्यातले कंत्राट संपलेले असते, तर कुणाच्या घरमालकाला मुलाच्या लग्नाआधी घर रिकामे हवे असते. सामान एका दारातून उचलून दुसऱ्या दारात उतरवणे एवढेच काम असते तर फारसा प्रश्न नव्हता. अडचण मधल्या दिवसांची आहे. जुन्या घराची मुदत ३१ मे रोजी संपते आणि नव्या घराची किल्ली २० जूनला मिळते. हे वीस दिवस माणसे कुठेही काढतात. कपाट, फ्रीज आणि पलंगाला मात्र जागा लागते.

मोठ्या शहरांत यावर ‘सेल्फ स्टोरेज’ हे उत्तर पुढे आले आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ते कितपत उपयोगी आहे, आणि नसेल तर पर्याय काय?

‘सेल्फ स्टोरेज’ म्हणजे नेमके काय?

सामान ठेवण्यासाठी महिन्याच्या भाड्याने मिळणारी बंदिस्त जागा. हा व्यवसाय अमेरिकेत १९६०च्या दशकात वाढला. तिथे लोखंडी शटरच्या खोल्यांची रांग असते, भाडेकरू स्वतःचे कुलूप लावतो आणि हवे तेव्हा येऊन सामान काढतो-ठेवतो. मुंबई, पुणे, बंगळूरु, हैदराबाद या शहरांत हा प्रकार आहेच. शिवाय दुसरा एक प्रकारही चालतो. कंपनीची माणसे घरी येतात, सामान बांधतात, प्रत्येक खोक्यावर क्रमांक चिकटवतात आणि शहराबाहेरच्या गोदामात नेऊन ठेवतात. या दुसऱ्या प्रकारात ग्राहकाकडे किल्ली नसते, यादी असते. हा फरक किरकोळ वाटतो, पण काही हरवले की सगळा वाद त्यावरच उभा राहतो. त्याबद्दल पुढे.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या गावांत अशी पाटी सहसा दिसत नाही. व्यवहार मात्र जुना आहे. ओळखीच्या दुकानदाराच्या मागची खोली, कुणाच्या तरी बांधकामातला तळमजला, मामाच्या घरचा माळा. नाव नाही, पावती नाही, बहुतेकदा भाडेही नाही.

मधले दिवस तयार का होतात?

याचे एक कारण कायद्यातच आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे नियमन करणारा कायदा २००५चा. त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आणि नियमित बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात. हेतू चांगला आहे, मुलांचे शाळेचे वर्ष मोडू नये. परिणाम असा की तालुक्याच्या गावी एकाच महिन्यात पन्नास घरे रिकामी होतात आणि त्याच महिन्यात पन्नास कुटुंबे घर शोधतात. कुणीतरी आधी निघाल्याशिवाय दुसऱ्याला आत जाता येत नाही.

दुसरे कारण भाडेकराराचे. अकरा महिन्यांचा करार संपल्यावरही घर सोडले नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम २४ नुसार घरमालकाला दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई मागता येते. छोट्या गावांत एवढे ताणले जात नाही, चार दिवस इकडेतिकडे चालतात. पण अनामत रक्कम जुना मालक घर रिकामे झाल्यावर देणार आणि नवा मालक किल्लीच्या आधी मागणार, हा पेच सगळीकडे सारखा. हातात दोन अनामती नसलेल्या कुटुंबाला मधले दिवस काढावेच लागतात.

२०२० मध्ये हाच पेच एकाच वेळी हजारो घरांत दिसला. टाळेबंदीत पुण्यातून विदर्भात परतलेल्या तरुणांचे सामान खोल्यांमध्येच अडकले. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, ती अट राज्यात २ सप्टेंबर २०२० पासून उठली. तोवर अनेकांनी कुलूपबंद खोलीचे भाडे भरले. एक पलंग, एक टेबल, दोन खोकी पुस्तके आणि गॅसची शेगडी यासाठी अख्ख्या फ्लॅटचे भाडे. सामानापुरती जागा वेगळी मिळू शकते, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा सुचले.

नातेवाइकांची खोली फुकट असते का?

बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात. बहिणीकडे एक खोली रिकामी आहे, मग भाडे कशाला भरायचे? पण ती खोली खरेच रिकामी असते का, हे बहिणीला विचारले जात नाही. उन्हाळ्यात त्याच खोलीत वर्षाचे गहू आणि तूरडाळ येऊन पडलेली असते, कुरडया-पापडांचे डबे असतात, सुट्टीला आलेली मुले झोपतात. वीस दिवसांचे म्हणून ठेवलेले सामान दिवाळीपर्यंत हलत नाही. मग कपाटावर ओरखडा कुणी पाडला, मिक्सर कुणी वापरला, यावर दोन घरांचे बोलणे कमी होते. आणि हे सामान रोज ओलांडून झाडलोट करण्याचे काम घरातल्या बाईच्या वाट्याला येते. ज्याने ‘ठेव ना, त्यात काय’ म्हटले, त्याच्या वाट्याला येत नाही.

नातेवाइकांकडे सामान ठेवूच नये, असे नाही. पंधरा-वीस दिवसांसाठी त्याहून चांगली जागा कुठे मिळणार? पण महिना ओलांडणार असेल तर ठरलेली तारीख आणि थोडे का होईना भाडे, दोन्ही हवे. भाडे दिल्याने नाते तुटत नाही. न सांगता सहा महिने खोली अडवल्याने तुटते.

जागा किती लागते, पैसे किती?

दोन खोल्यांच्या घरातले सामान प्रत्यक्षात वाटते त्याहून कमी जागेत मावते. साधारण मापे धरली तर कपाट तीस घनफूट, फ्रीज वीस, वॉशिंग मशिन बारा, कूलर पंचवीस. दीड फुटी घन आकाराची पंधरा खोकी म्हणजे पन्नास घनफूट. सुटा केलेला पलंग आणि गाद्या चाळीस, टेबल-खुर्च्या तीस. बेरीज दोनशे सातच्या आसपास येते. मधल्या फटींसाठी तिसरा हिस्सा वाढवला तरी दोनशे पंच्याहत्तर. सहा बाय सहा फुटांची खोली आठ फुटांपर्यंत रचली तर २८८ घनफूट जागा मिळते. म्हणजे ज्यासाठी दहा बाय दहाची खोली शोधली जाते, ते सामान त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात बसते. अट एकच, पलंग सुटा करायचा आणि सगळे आडवे पसरण्याऐवजी उभे रचायचे. कूलर आतून पोकळ असतो. पाण्याची मोटार आणि ताट्या काढल्या की त्यात चादरी-पडदे छान बसतात.

आता पैसे. समजा सामानापुरत्या जागेचे भाडे महिना दोन हजार रुपये आहे आणि दोनदा चढ-उतार करण्याचा जादा खर्च चार हजार. तीन महिन्यांचे होतात दहा हजार. हे जास्त की कमी? तुलना सामानाच्या किमतीशी करण्याची सवय आहे, ती चुकीची आहे. तुलना करायची ती विकून पुन्हा तसेच घेताना होणाऱ्या तोट्याशी. जुने सामान चाळीस हजारांना गेले आणि त्याच दर्जाचे जुने सामान नव्या गावी पंचावन्न हजारांना मिळाले, तर तोटा पंधरा हजारांचा. वरच्या भाड्याने साडेपाच महिन्यांत पंधरा हजार संपतात. त्यापुढे सामान ठेवणे हा व्यवहार राहत नाही, माया राहते. आकडे गावानुसार बदलतील, रीत हीच.

पुण्या-मुंबईत ठेवायचे की यवतमाळला आणायचे, याचाही हिशेब असाच. पुणे-यवतमाळ अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. परत त्याच शहरात जायचे नक्की असेल, तर दोन खेपांचे ट्रकभाडे आणि तिथल्या गोदामाचे महिन्याचे भाडे यांची तुलना करावी. गोदामाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलेला आहे का हे आधी विचारावे. रेल्वेचा पर्याय यवतमाळ शहराला जवळपास नाहीच. मूर्तिजापूरची शकुंतला बंद आहे आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. सामानाला रस्ता हाच मार्ग.

विदर्भाच्या हवेत सामान टिकते का?

महानगरांतल्या सल्ल्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण हवा वेगळी आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. टिनपत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. चिकटपट्ट्या सुटतात, प्लास्टिकच्या खुर्च्या तडकतात, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने वाया जातात. आणि मेमध्ये ठेवलेले सामान जूनमध्ये एकदम दमट हवेत येते. भुशाच्या पाटीचे स्वस्त फर्निचर ओल शोषून फुगते, त्याचे स्क्रू सैल होतात, आणि एकदा फुगलेली पाटी वाळल्यावर पूर्ववत होत नाही. सागवानी खाट तग धरते.

गादी घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळणे ही सर्रास होणारी चूक. आत ओल अडकते आणि बुरशी धरते. कापसाच्या गादीला जुनी सुती चादर पुरते. फ्रीज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवून उभाच ठेवावा. वॉशिंग मशिनच्या नळीतले पाणी काढावे. इन्व्हर्टरची बॅटरी भारित करून ठेवली तरी हळूहळू उतरते, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भारित केली नाही तर कायमची बिघडते. ती अशा खोलीत ठेवण्यापेक्षा कुणाला वापरायला दिलेली बरी. कूलरची टाकी कोरडी करून आतून रंगाचा हात मारावा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तळाला भोक दिसते. गॅस सिलिंडर कोणत्याही खोलीत ठेवू नये. तो वितरकाकडे जमा करून जोडणी बदलून घ्यावी. धान्य तर मुळीच नको, एक पोते ठेवले की उंदीर सगळ्या खोलीचे भाडेकरू होतात.

काळ्या मातीवरच्या घरांचा आणखी एक त्रास आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फरशी-भिंतींना भेगा पडतात. त्या भेगांतून वाळवी वर येते. सामान जमिनीपासून विटांवर चार इंच वर आणि भिंतीपासून तेवढेच दूर ठेवले, तर वाळवीची मातीची रेघ वेळेवर दिसते.

खोली कुठे आहे, हेही पाहायला हवे. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली तेव्हा महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला होता. यवतमाळ शहरातही घरांत पाणी शिरले. नाल्याच्या कडेचा तळमजला स्वस्त मिळतो, त्याचे कारण हेच.

हरवले, भिजले तर जबाबदारी कुणाची?

सामान दुसऱ्याच्या ताब्यात दिले असेल, तर भारतीय करार कायदा १८७२चे कलम १४८ लागू होते. ठेवून घेणाऱ्याने ते सामान स्वतःचे असल्यासारखे, सामान्य शहाण्या माणसाइतक्या काळजीने सांभाळले पाहिजे, असे कलम १५१ सांगते. पण खोली भाड्याने घेऊन स्वतःचे कुलूप लावले असेल, तर खोलीचा मालक म्हणू शकतो की त्याने फक्त जागा दिली, सामान त्याच्या ताब्यात नव्हतेच. किल्ली स्वतःजवळ ठेवल्याने मनाला जी सुरक्षितता वाटते, ती कायद्याच्या बाजूने उलट पडू शकते. म्हणून करारात नुकसानीचे कलम स्पष्ट लिहून घेणे महत्त्वाचे.

विम्याचे गणितही तपासावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात घरातले सामान समाविष्ट असते, पण ते घरात असेपर्यंत. दुसऱ्या जागी हलवलेल्या सामानाला ते संरक्षण मिळत नाही. गोदाम कंपनी ‘विमा आहे’ म्हणते तेव्हा तो इमारतीचा आहे की ग्राहकाच्या सामानाचा, आणि किती रकमेचा, हे कागदावर पाहावे.

बँकेच्या लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेने निदान एक रेघ आखली आहे. १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरवलेली आहे. घरगुती सामानाच्या गोदामाला अशी कुठलीच ठरलेली रेघ नाही. शेतमालाच्या गोदामांसाठी २००७चा कायदा आणि त्याचे नियामक प्राधिकरण आहे, राज्य वखार महामंडळ १९५७ पासून काम करते, तिथे पोत्याचे वजन होते, पावती मिळते, त्या पावतीवर कर्ज मिळते. शेतमाल साठवणुकीवर जीएसटीही नाही. तुरीच्या पोत्याला जेवढी कागदोपत्री इज्जत आहे, तेवढी एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या सामानाला नाही.

एक तरतूद मात्र कामाची आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. पुण्यातल्या गोदामात सामान खराब झाले तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यासाठी पुरावा लागतो. प्रत्येक वस्तूचा चारही बाजूंनी काढलेला फोटो, खोकी बंद करण्याआधीची दोन मिनिटांची चित्रफीत आणि समोरच्याची सही असलेली यादी एवढे पुरे. सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि दागिने कोणत्याही खोक्यात जाऊ नयेत.

जिनिंगची रिकामी गोदामे वापरता येतील का?

ही कल्पना चटकन सुचते. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग कारखान्यांची गोदामे उन्हाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत बरीचशी रिकामी असतात, आणि बदल्यांचा काळही नेमका तोच. वापर जुळतो, पण धोका जुळत नाही. सरकीचा भुसा आणि कापसाचे तंतू कोपऱ्यात साचलेले असतात, ठिणगीला तेवढे पुरते. आगीची व्यवस्था, वेगवेगळे कप्पे, विमा आणि स्थानिक परवानगी याशिवाय तिथे कुणाचे सामान ठेवणे बेजबाबदारपणाचे ठरेल. त्यापेक्षा एखादी पतसंस्था किंवा कर्मचारी सोसायटी तालुक्याच्या गावी पक्क्या इमारतीत आठ-दहा कप्पे चालवू शकली, तर ते अधिक व्यवहार्य. ग्राहक ओळखीचे, बदल्यांचे वेळापत्रक माहीत आणि वसुली पगारातून.

सर्वाधिक गरज असलेल्यांचे काय?

आतापर्यंतची चर्चा पगार असणाऱ्यांची झाली. जिल्ह्यात घर बदलणारे आणखी दोन मोठे गट आहेत आणि त्यांच्यासाठी भाड्याच्या खोलीचा पर्याय नावापुरताही नाही.

पहिला गट घरकुलाचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान एक लाख वीस हजार रुपयांचे, तेही हप्त्यांनी. दुसरी जागा नसलेले कुटुंब जुने मातीचे घर पाडून त्याच जागी नवे बांधते. पाडण्यापासून छत पडेपर्यंत भांडी, पेटी, गाद्या आणि धान्याची कोठी शेजाऱ्याच्या ओसरीत किंवा ताडपत्रीखाली राहते. पुन्हा वापरायची म्हणून काढलेली कवेलू आणि दारा-खिडक्यांच्या चौकटीही तिथेच. हप्ता लांबला आणि पाऊस लवकर आला की नुकसान ठरलेले. अनुदानाच्या कोणत्याही ओळीत या मधल्या महिन्यांचा खर्च नाही. गावात समाजमंदिर असते, शाळेची वापरात नसलेली खोली असते. एप्रिल ते ऑगस्ट त्यातली एक खोली घरकुल लाभार्थ्यांच्या सामानासाठी कुलूप आणि नोंदवहीसह देणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. ठराव पुरेसा आहे, निधी लागत नाही.

दुसरा गट विस्थापितांचा. या जिल्ह्याने धरणांसाठी आणि वणी परिसरातील कोळसा खाणींसाठी गावे उठताना पाहिली आहेत. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत विस्थापित कुटुंबाला वाहतुकीसाठी एकदाच पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद आहे. त्यात कुटुंब, बांधकाम साहित्य, सामान आणि जनावरे सगळे आले. २०१५च्या केंद्राच्या आदेशानंतर कोळसा क्षेत्राच्या संपादनालाही या अनुसूची लागू झाल्या. रक्कम एका खेपेचा विचार करून ठरवलेली दिसते. प्रत्यक्षात गाव एका खेपेत उठत नाही. आधी गोठा जातो, मग घराची लाकडे, मग माणसे, आणि नव्या जागी भिंती उभ्या राहीपर्यंत अर्धे सामान जुन्या गावात आणि अर्धे नव्या प्लॉटवर उघड्यावर असते.

गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, पुनर्वसित गावात काय काय हवे याच्या यादीत, गरज असल्यास बियाणे आणि खत साठवण्याची सोय लिहिलेली आहे. घरातले सामान बांधकाम होईपर्यंत ठेवण्याची सोय नाही. नव्या गावठाणात घरांचे प्लॉट पाडण्याआधी कप्प्याकप्प्यांची एक पक्की शेड उभी केली, प्रत्येक कुटुंबाला एक कप्पा आणि एक कुलूप दिले, तर नंतर तीच शेड बियाणे-खतासाठी वापरता येईल. निम्न पैनगंगासारख्या प्रकल्पात, जिथे विस्थापनाचा वाद वर्षानुवर्षे सुरू आहे, तिथे मोबदल्याच्या दरावर भांडताना ग्रामसभांनी ही एक ओळही पुनर्वसन आराखड्यात लिहून घ्यायला हवी, आणि तीही पहिला ट्रक भरण्याच्या आधी.